बांध उभा राहिला, राखणार कोण?

डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर समुद्राचे पाणी नेहमीची रेषा ओलांडून शॅकमध्ये शिरले. पर्यटन हंगाम ऐन भरात असताना शॅकवाल्यांचे सामान भिजले, काहींचे वाहून गेले. ओखी चक्रीवादळ त्या वेळी गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर, खोल अरबी समुद्रात होते. ते गोव्यावर आलेच नाही. पाणी मात्र आले. ३ डिसेंबरला पौर्णिमा होती आणि चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ होता. त्यामुळे उधाणाची भरती एरवीपेक्षा मोठी होती, आणि दूरच्या वादळाने उठवलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा नेमक्या त्या भरतीवर स्वार होऊन किनाऱ्याला लागल्या.

भरतीचे कोष्टक एवढेच हाती असलेल्याला त्या दिवशी मोठे उधाण दिसले असते, पण पाणी शॅकच्या आत येईल असे वाटले नसते. वादळाचा नकाशा एवढाच पाहणाऱ्याला गोवा सुरक्षित वाटला असता. धोका या दोहोंच्या बेरजेत होता. किनाऱ्यावर पाणी किती चढेल हे सांगण्याचे शास्त्र म्हणजे मुळात ही बेरीज वेळेआधी करण्याचे शास्त्र होय. ती बेरीज आज हजारो ओळींच्या संगणकीय आज्ञावली करतात. दिवसरात्र, सणासुदीला आणि सुट्टीच्या दिवशीही.

हवामानशास्त्रावर देशात अलीकडे मोठा खर्च होऊ लागला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. त्याच महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्क’ आणि नोएडातील ‘अरुणिका’ या महासंगणकांचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. हे सारे आवश्यक होते. परंतु यंत्रणा उभारणे आणि ती राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला ना कोनशिला असते, ना फीत. गोव्यासारख्या राज्याचे हित मात्र या दुसऱ्या कामावरच अधिक अवलंबून आहे.

वीतभर पाण्याचा प्रश्न

समुद्राची पातळी अनेक तालांवर हलत असते. सर्वांत ठळक ताल चंद्राचा, सुमारे १२ तास २५ मिनिटांचा. म्हणूनच भरती दररोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. सूर्याचा ताल त्याला येऊन मिळाला की अमावास्या-पौर्णिमेचे उधाण होते, आणि तो आडवा गेला की अष्टमीच्या सुमारास भांग लागतो. चंद्राच्या कक्षेच्या कलण्यामुळे १८.६ वर्षांचा आणखी एक संथ फेरा या सगळ्याखाली चालू असतो. हा भाग गणिताने नेमका सांगता येतो. १८७९ साली भारतातील बंदरांसाठी इंग्लंडमध्ये चाके आणि कप्प्यांचे भरतीयंत्र बनवण्यात आले होते, आणि भारतीय सर्वेक्षण विभाग आजही दरवर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो.

अवघड भाग कोष्टकाबाहेरचा आहे. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढते. वारा किनाऱ्याकडे वाहू लागला की तो पाणी पुढे ढकलतो. वादळात होणाऱ्या या चढालाच वादळी उधाण म्हणतात. दक्षिणेकडच्या महासागरात उठलेल्या लाटा काही दिवसांनी, स्थानिक हवा शांत असतानाही, केरळच्या किनाऱ्यावर आदळतात. तेथील मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, म्हणतात. हा शब्द आता शास्त्रीय परिभाषेतही रूढ झाला आहे. अरबी समुद्रातील प्रवाहांमुळे पश्चिम किनाऱ्याची सरासरी पातळी ऋतूनुसार वरखाली होते. आणि या सर्वांच्या तळाशी, उपग्रहांच्या मोजणीनुसार, १९९३ पासून जगातील समुद्राची सरासरी पातळी दरवर्षी तीन मिलिमीटरहून अधिक वाढते आहे.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात समुद्र कित्येक मीटर चढला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये त्याच राज्यावर फायलिन वादळ आले तेव्हा अंदाजावर विश्वास ठेवून सुमारे दहा लाख लोकांना हलवण्यात आले आणि बळींची संख्या दोन आकड्यांतच राहिली. चांगल्या अंदाजाचे मोल यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण आहे.

गोव्याचा प्रश्न मात्र मीटरांचा नाही, वितीचा आहे. येथे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतील फरक साधारण दोन मीटरांचा असतो. पणजीतील सांतिनेज, मळा, अठरा जून रस्ता हे सखल भाग. भरती पूर्ण असताना मुसळधार पाऊस आला तर नाल्यांचे पाणी मांडवीत उतरू शकत नाही आणि रस्त्यावर साचते. तेथे पाणी वीतभर जास्त की कमी, यावर दुकानाचा उंबरठा कोरडा राहतो की नाही हे ठरते. शिवाय मांडवी आणि जुवारीत भरती मुखापाशी थांबत नाही. ती चाळीसेक किलोमीटर आत जाते, आणि पात्र निमुळते होत गेल्यामुळे बऱ्याच अंतरापर्यंत तिची उंची फारशी घटत नाही, हे दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे हा प्रश्न शॅकवाल्यांपुरता किंवा रापणकारांपुरता नाही. चोडण-दिवाडीच्या खाजनशेतकऱ्यापासून नगरपालिकेच्या पंपावर बसलेल्या कामगारापर्यंत तो पोहोचतो.

चूक वितीत मोजायची असेल तर अंदाज वितीपेक्षा बारीक हवा. आणि जितका बारीक अंदाज, तितका तो लवकर बिघडतो.

उसना पाया

भारताच्या किनाऱ्यासाठी समुद्राचे अंदाज देण्याची जबाबदारी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे, म्हणजे ‘इन्कॉइस’कडे आहे. हे केंद्र १९९९ मध्ये स्थापन झाले. २००४ च्या त्सुनामीनंतर, ऑक्टोबर २००७ मध्ये, तेथे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यान्वित झाले. लाटा, भरती, वादळी उधाण आणि लांब पल्ल्याच्या लाटांमुळे चढणारे पाणी यांचे इशारे आज तेथून दिले जातात.

या अंदाजांमागील प्रमुख आज्ञावली भारतात जन्मलेल्या नाहीत. वादळी उधाणासाठी वापरली जाणारी ‘ॲडसर्क’ ही रिक ल्युएटिक आणि योआनेस वेस्टरिंक या अमेरिकेतील प्राध्यापकांनी घडवली. तिच्यावरील मूळ अहवाल १९९२ सालचा आहे. लाटांसाठीची ‘वेव्हवॉच-३’ ही अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनात, म्हणजे ‘नोआ’त वाढली. दोन्ही फोरट्रान या जुन्या, पण आकडेमोडीत अजूनही भरवशाच्या भाषेत लिहिलेल्या आहेत. यात कमीपणा काहीच नाही. समुद्राला सीमा नाहीत, आणि त्याचे गणितही जगभरातील शास्त्रज्ञांनी मिळूनच पुढे नेले आहे.

तथापि, उसन्या पायावर घर बांधणाऱ्याने पाया कोण राखतो याची चौकशी ठेवावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नोआ’तील शेकडो कर्मचाऱ्यांना एकाएकी कामावरून कमी करण्यात आले. पुढील आर्थिक वर्षासाठी तेथील संशोधन शाखाच बंद करण्याचा प्रस्ताव अमेरिकी प्रशासनाने मांडला. त्या निर्णयांचे अंतिम पर्यवसान काहीही होवो, हैदराबादेत रोज चालणाऱ्या आज्ञावलीतील चुका शोधणारी आणि नव्या आवृत्त्या तपासणारी काही माणसे दुसऱ्या देशाच्या राजकारणावर अवलंबून आहेत, एवढे त्यातून स्पष्ट झाले. आज्ञावली खुली असली तरी ती समजणारी माणसे आपोआप मिळत नाहीत. मूळ आवृत्तीत भारतीय किनाऱ्यासाठी स्थानिक बदल करावे लागतात. परदेशात नवी आवृत्ती आली की ते बदल तिच्यात पुन्हा बसवावे लागतात. बसवले नाहीत तर देशी प्रत हळूहळू एकाकी पडते, आणि एक दिवस तिला हात लावायला कोणी धजत नाही.

काय काय झिजते

संगणकाचा कार्यक्रम पुलासारखा गंजत नाही, मग त्याला देखभाल कशाला, असा प्रश्न अर्थखात्यातील एखादा अधिकारी विचारू शकेल. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा आतल्या तारा गंजल्या होत्या. बाहेरून पूल उभा दिसत होता. आज्ञावलीचेही तसेच असते. तिच्यातील एकही अक्षर बदलत नाही. तिच्याभोवतीचे जग बदलते, आणि तीच तिची झीज.

पहिली झीज मोजणीची. अंदाज खरा ठरला की नाही हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे पाण्याच्या पातळीचे मापक. गोव्याला याबाबतीत अभिमान वाटावा असा इतिहास आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वेरें येथे बसवलेल्या रडार मापकाने १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राजवळच्या ८.४ क्षमतेच्या भूकंपानंतरची त्सुनामीची बारीक लहर टिपली आणि मोबाईल जाळ्यावरून तिचे आकडे त्याच वेळी इंटरनेटवर पोहोचवले. परंतु मापक बसवले म्हणजे काम संपत नाही. मोबाईल कंपनीने जुने जाळे बंद केले की आतला मोडेम मुका होतो. ज्या जेटीवर मापक उभे आहे ती जेटी पाच सेंटीमीटर खचली, तर आज्ञावलीच्या लेखी समुद्र पाच सेंटीमीटर चढतो. म्हणून मापकाची उंची जमिनीवरच्या पक्क्या खुणेशी ठरावीक काळाने जुळवून पाहावी लागते.

त्यातच शून्य एक नसते. बंदराच्या नकाशातील शून्य सर्वांत खोल ओहोटीच्या आसपास धरलेले असते, तर जमिनीच्या नकाशातील उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. या दोहोंत मीटरभराचे अंतर असू शकते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर लाउफेनबुर्ग येथे पूल बांधताना दोन देशांच्या शून्यांमधील २७ सेंटीमीटरचा फरक अभियंत्यांना ठाऊक होता. दुरुस्ती उलट्या दिशेने झाली आणि चूक ५४ सेंटीमीटरची झाली. ‘उद्या भरती २.२ मीटर’ या वाक्याला, ती कोणत्या शून्यापासून, हे कळल्याशिवाय रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने काहीच अर्थ नसतो.

दुसरी झीज तळाची. आज्ञावलीत समुद्राचा आणि नदीचा तळ आकड्यांच्या जाळ्याच्या रूपात भरलेला असतो. खरा तळ मात्र स्थिर नसतो. मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा वाळूचा बांध पावसाळ्यागणिक सरकतो. बंदरात गाळ उपसला जातो, नदीत नव्या पुलांचे खांब उभे राहतात. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ जहाज दशकाहून अधिक काळ तेथेच राहिले आणि आसपासची वाळू कशी हलली हे त्या गावाने पाहिले. तळ बदलला आणि आज्ञावलीतील नकाशा जुनाच राहिला, तर आज्ञावली बिनचूक गणित करते, पण ते अस्तित्वात नसलेल्या नदीचे.

तिसरी झीज सर्वांत फसवी, कारण ती सुधारणेच्या रूपाने येते. वाऱ्याचा पाण्यावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवामानाच्या अंदाजातला वारा प्रत्यक्षापेक्षा २० टक्के कमी असेल, तर पाण्याला मिळणारा जोर ३६ टक्के कमी पडतो. असा फरक लक्षात आला की समुद्राचे अंदाज करणारे आपल्या आज्ञावलीतील एखादा गुणक वाढवून हिशेब जुळवून घेतात. मग एके दिवशी हवामानाचे नवे, अधिक बारीक जाळीचे आणि अधिक अचूक प्रारूप येते. वारा आता योग्य येऊ लागतो, पण वाढवलेला गुणक तसाच राहतो, आणि पाण्याचा अंदाज पूर्वीपेक्षा वाईट होतो. वरच्या टप्प्यावरील प्रत्येक प्रगतीनंतर खालच्या टप्प्यावर पुन्हा मेहनत घ्यावी लागते. ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’सारख्या नव्या प्रणालीचे स्वागत करताना या मेहनतीची तरतूद कुठे आहे, हे विचारायला हवे.

चौथी झीज खुद्द संगणकाची. महासंगणक चार-पाच वर्षांत जुना होतो. २०१८ मध्ये आलेल्या ‘प्रत्युष’नंतर २०२४ मध्ये ‘अर्क’ आला. नव्या यंत्रावर जुनी आज्ञावली नव्या भाषांतरकातून जाते आणि तीच आकडेमोड क्वचित किंचित वेगळे उत्तर देते. तो फरक निरुपद्रवी आहे की एखादी दडलेली चूक उघडी पडली आहे, हे ठरवायला जुन्या वादळांची उजळणी हाच मार्ग असतो. ओखी, २०१९ चे क्यार, १६ मे २०२१ रोजी गोव्याजवळून गेलेले तौक्ते ही वादळे पुन्हा पुन्हा चालवून, मापकांच्या नोंदींशी ताडून पाहावी लागतात. मदतनीस कार्यक्रमांची तऱ्हा आणखी निराळी. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला १ जानेवारी २०२० पासून अधिकृत आधार मिळेनासा झाला, तेव्हा जगभरच्या अंदाजकेंद्रांना आपले असंख्य लहानमोठे कार्यक्रम पुन्हा लिहावे लागले. त्यातून नवा अंदाज एकही निघाला नाही. फक्त जुना बंद पडला नाही.

या सर्वांत एक धोका असा, की मोडलेली यंत्रणा नेहमी ओरडत नाही. अंदाज प्रसिद्धच झाला नाही, तर कोणीतरी दूरध्वनी करून विचारतो. परंतु वाऱ्याचे ताजे आकडे रात्री पोहोचले नाहीत, आज्ञावलीने कालचेच उचलले आणि सकाळी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रंगांत नकाशा झळकला, तर कोणालाच शंका येत नाही. बंद घड्याळापेक्षा मागे पडलेले घड्याळ अधिक घातक. अशा मुक्या चुका पकडण्यासाठी यंत्रणेवर लक्ष ठेवणारी दुसरी यंत्रणा लागते, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसे.

तीन किनारे, तीन धडे

व्हेनिस शहर भरतीच्या अंदाजावर जगते. तेथील पातळी आजही १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजली जाते, आणि पाणी ११० सेंटीमीटरवर जाणार असेल तर शहरात भोंगे वाजतात. पुढच्या प्रत्येक दहा सेंटीमीटरला भोंग्याचा सूर बदलतो. नागरिकाला आकडा पाहावाच लागत नाही, सुरावरून तो पायात बूट चढवतो. एवढी मुरलेली व्यवस्था असूनही १२ नोव्हेंबर २०१९ रोजी खाडीवर ऐनवेळी आलेल्या लहानशा वादळाचा वारा प्रारूपांनी पकडला नाही आणि पाणी अंदाजापेक्षा कितीतरी वर, १८७ सेंटीमीटरपर्यंत गेले. पुढच्या वर्षी शहराच्या रक्षणासाठी ‘मोझे’ हे अजस्र जलद्वार ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा उचलले गेले. दोनच महिन्यांनी, ८ डिसेंबर २०२० रोजी, अंदाज १३० सेंटीमीटरच्या मर्यादेखाली होता म्हणून दारे उचलली गेली नाहीत. पाणी १३८ वर गेले आणि सेंट मार्क चौक बुडाला. अब्जावधी युरोंचे पोलाद सज्ज होते. काही सेंटीमीटरच्या चुकीने ते पाण्याखाली झोपून राहिले.

इंडोनेशियातील पालू शहराची गोष्ट याहून दारुण आहे. २८ सप्टेंबर २०१८ रोजी ७.५ क्षमतेचा भूकंप झाला. त्सुनामीचा इशारा दिला गेला आणि अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळाने मागेही घेतला गेला. पालूच्या खाडीत मापक नव्हते. सर्वांत जवळच्या, सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या मापकावर अवघ्या सहा सेंटीमीटरचा चढ दिसत होता. खोल समुद्रातील इशारा देणारे तरंगते फलाट २०१२ पासून निकामी होते, हे तेथील आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने स्वतःच सांगितले. ते २००४ च्या त्सुनामीनंतर मोठ्या अपेक्षेने बसवण्यात आले होते. भूकंप आणि त्सुनामी मिळून चार हजारांहून अधिक माणसे गेली. या खाडीत लाट इतक्या लवकर आली की फलाट चालू असते तरी कितपत उपयोग झाला असता, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. देखभालीवाचून सहा वर्षे पडून राहिलेली यंत्रणा कोणाच्या नजरेस आली नाही, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

तिसरा किनारा नेदरलँड्सचा. १९५३ च्या पुरात तेथे १,८३६ माणसे बुडाली. रॉटरडॅमच्या रक्षणासाठी १९९७ मध्ये उभारलेले मासलांट जलद्वार कधी बंद करायचे, हा निर्णय पाण्याच्या अंदाजावरून संगणक घेतो. पाणी ठरलेली मर्यादा ओलांडणार हे ओळखून त्याने ते स्वतःहून पहिल्यांदा बंद केले २१ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे २६ वर्षांनी. मधल्या काळात दरवर्षी वादळांच्या हंगामापूर्वी, सप्टेंबरच्या सुमारास, ते चाचणीसाठी बंद केले जाते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. ज्या कामाला समारंभ नसतो त्या कामाला डच लोकांनी समारंभ दिला. ज्या दिवसाची २६ वर्षे वाट पाहिली तो दिवस आला तेव्हा यंत्रणा चालली, त्यामागे ही २६ वर्षांची सवय होती.

माणसे आणि पैसा

झिजणाऱ्या या सर्व भागांची निगा अखेर माणसे राखतात, आणि भारतीय व्यवस्थेचा कमकुवत दुवा तेथेच आहे. अनेक विज्ञानसंस्थांत आज्ञावली चालवणारे तरुण प्रकल्पापुरते, मुदतीवर नेमलेले असतात. प्रकल्प संपला की ते खासगी कंपनीत किंवा परदेशी जातात. कोणती ओळ का लिहिली, कोणता गुणक कोणत्या वादळानंतर बदलला, हे त्यांच्यासोबतच जाते. शास्त्रज्ञाची बढती शोधनिबंधांवर ठरते, आणि कार्यक्रम बंद पडू न देण्यावर शोधनिबंध लिहिता येत नाही. ज्याने पाच वर्षे रात्रीचे अंदाज चुकू दिले नाहीत, त्याच्या कामाचा पुरावा म्हणजे काहीच न घडणे हा असतो.

अर्थसंकल्पाची भाषाही याला अनुकूल नाही. भांडवली खर्चात महासंगणक बसतो, मापक बसते. त्या मापकाची उंची दरवर्षी तपासायला जाणाऱ्या दोन माणसांचा प्रवासखर्च मात्र महसुली असतो, आणि काटकसरीची पहिली कात्री त्यालाच लागते.

खाजनांनी शिकवलेले

पाण्याच्या पातळीशी जुळवून घेण्याची देखभाल म्हणजे काय, हे गोव्याने कोणाकडून शिकण्याची गरज नाही. राज्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. समुद्राच्या भरतीखाली जाऊ शकणारी ही जमीन माती, चिरे आणि पेंढ्याच्या बांधांनी राखली गेली आहे. बांधातील मानस भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडते. कित्येक शतके हे चालले, ते बांध भक्कम होते म्हणून नव्हे. मातीचा बांध कधीच भक्कम नसतो. ते चालले, कारण बांध पाहायला जाणारी माणसे ठरलेली होती आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाची वाट ठरलेली होती. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि गावकारीच्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई. ज्या दारातून धोका आत येऊ शकत होता, त्याच दारातून त्याच्या बंदोबस्ताचा खर्च निघत होता.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमिनीचा हक्क कसणाऱ्याकडे गेला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु बांध राखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कूळ संघटना, कोमुनिदाद आणि सरकारी खाती यांच्यात लोंबकळत राहिला. काही ठिकाणी अधिक मासे मिळावेत म्हणून मानशी मुद्दाम उघड्या ठेवल्या गेल्या, खारे पाणी आत गेले, शेते पडीक झाली. बांध बांधणारे तंत्र कोठेही हरवले नव्हते. बांधाचा धनी हरवला होता.

आज्ञावलीच्या रूपातील नव्या बांधाला हाच धोका आहे. केंद्र अंदाज देते, राज्य तो पुढे पाठवते, पंचायत तो फलकावर लावते. तो चुकला तर जबाबदार कोण आणि तो सुधारायचा कोणी, याचे उत्तर या साखळीत सहज सापडत नाही.

राज्याच्या हाती असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. गाळ उपसणे, पूल किंवा जेटी बांधणे अशा प्रत्येक कामाच्या परवान्यात, काम संपल्यावर तळाची नवी मोजणी करून ती अंदाजकेंद्राला देण्याची अट घालता येईल. दर पावसाळ्यानंतर, सांगितलेली पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांचा ताळेबंद सर्वांसाठी खुला करावा, असा आग्रह राज्याला केंद्राकडे धरता येईल. स्वतःच्या चुका छापणारा अंदाजच विश्वास कमावतो. मोरजीच्या किनाऱ्यावर, मळ्याच्या कोपऱ्यावर, चोडणच्या फेरीधक्क्यावर मापकाच्या शून्याशी जोडलेल्या खुणा कोरता येतील, म्हणजे ‘उद्या २.४’ याचा अर्थ पाणी कोठवर, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. दोनापावलला समुद्रशास्त्रज्ञ आहेत, राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मांडवी-जुवारीपुरती बारीक आज्ञावली सांभाळणारी चार-पाच माणसांची कायम तुकडी ही चैन ठरू नये. आणि नदीच्या पाण्यावर कमाई करणाऱ्या बंदरे, कॅसिनो, बार्ज यांच्याकडून मिळणाऱ्या शुल्काचा लहानसा हिस्सा या निगराणीसाठी बांधून ठेवला, तर मानशीच्या लिलावाचे जुने तत्त्वच नव्या रूपात अमलात येईल.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला महासंगणकाइतका पैसा लागत नाही. लागते ती नोंदवहीत दरवर्षी न चुकता होणारी नोंद, आणि ती झाली नाही तर विचारणारे कोणीतरी. मोरजीच्या वाळूवर शॅक दर हंगामात पुन्हा उभे राहतात. डिसेंबरची पौर्णिमाही दरवर्षी येते, आणि एखाद्या वर्षी तिच्या मागे दूरवर वादळही असेल. त्या रात्री हैदराबादच्या संगणकात मांडवीचा तळ कोणत्या सालचा असेल आणि वेरेंचे मापक बोलत असेल की नाही, हे त्या रात्री ठरणार नाही. ते आधीच्या कोरड्या, निवांत महिन्यांत ठरलेले असेल.